झाड एकाचे, राखण सगळ्यांची



दुकानातील ऑलिव्ह तेलाची बाटली आता आपल्याला नवी राहिलेली नाही. जुन्या माणसांना हेच फळ 'जैतून' या नावाने माहीत होते. हा शब्द मूळचा अरबी. स्पेनमधील लोक ऑलिव्हच्या फळाला 'आसेइतुना' आणि तेलाला 'आसेइते' म्हणतात. हे शब्दही त्यांच्याकडे अरबीतूनच गेले. म्हणजे आपला जैतून आणि त्यांची आसेइतुना ही एकाच घरची लेकरे! झाडाचे नातेही तसे जवळचेच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हला ज्या कुळात घालतात, त्याच कुळात आपले मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक येतात.

या अंकाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही स्पेनमधील ऑलिव्हच्या बागा निवडल्या आहेत. जगात सर्वांत जास्त ऑलिव्ह तेल याच देशात निघते. परंतु तेलाची माहिती देणे हा या लेखाचा हेतू नाही. आम्हाला एका प्रश्नाचा अभ्यास करायचा आहे. झाड एका शेतकऱ्याच्या मालकीचे असते. त्याच्या ढोलीतला पक्षी, मुळांनी धरून ठेवलेली माती, बांधावरची झुडपे आणि त्यांवरचे कीटक मात्र कोणा एकाच्या मालकीचे नसतात. त्यांचा उपयोग सगळ्यांना होतो. मग त्यांच्या राखणीचा खर्च कोणी सोसायचा? एकट्या शेतकऱ्याने? स्पेनमधील तीन ठिकाणच्या लोकांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने शोधली. ती आपण क्रमाने पाहू.

बाग म्हणजे नुसती झाडे नव्हेत

ऑलिव्हचे झाड सावकाश वाढते आणि फार वर्षे जगते. खडकाळ उतार, थोडा पाऊस, कडक उन्हाळा हे सर्व ते सोसते. आपल्या आंब्याप्रमाणे एक वर्ष भरपूर फळ आणि पुढच्या वर्षी कमी, अशी त्याचीही सवय आहे. डोंगरउतारावर माती टिकावी म्हणून भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चुना न वापरता दगडावर दगड रचून गडगे घातले आणि त्यांच्या आधाराने पायऱ्यापायऱ्यांची शेते केली. या गडग्यांच्या फटींत पाली आणि सरडे राहतात.

झाड म्हातारे झाले की त्याचे खोड पिळवटते आणि पोकळ होते. या ढोल्यांत एक लहान घुबड राहते. ते आपल्या पिंगळ्याचे जवळचे भाऊबंद आहे. प्राचीन अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला हेच घुबड आणि त्याच्याजवळ ऑलिव्हची डहाळी कोरलेली असे, कारण दोन्ही अथीना देवीची मानली जात. हिवाळ्यात उत्तर युरोपातून वटवट्या आणि कस्तूर जातींचे पक्षी या बागांत उतरतात आणि पिकलेल्या फळांवर थंडीचे दिवस काढतात.

आता बांधाकडे पाहू. चिकट पानांचे, पिवळ्या फुलांचे एक झुडूप तिथे आपोआप उगवते. एक माशी त्याच्या फुलांत अंडी घालते आणि तिथे गाठी तयार होतात. या गाठींतील अळ्यांवर एक अगदी बारीक गांधीलमाशी वाढते. हीच गांधीलमाशी पुढे ऑलिव्हच्या फळमाशीच्या अळ्यांवरही हल्ला करते. ऑलिव्हची फळमाशी ही आपल्या आंब्याला पोखरणाऱ्या फळमाशीचीच चुलत बहीण. म्हणजे ज्याला आपण बांधावरचे निरुपयोगी झुडूप म्हणतो, ते बिनपगारी राखणदार तयार करीत असते. ते झुडूप उपटले की राखणदार जातो आणि फवारणीचा खर्च वाढतो.

तीन संकटे

अशा बागांवर गेल्या काही दशकांत तीन बाजूंनी संकट आले आहे.

पहिले संकट विक्रीचे. जुन्या झाडाचे तेल काढून जेवढे पैसे मिळतात, त्याहून जास्त पैसे ते झाडच मुळासकट विकून मिळू लागले. श्रीमंतांच्या बंगल्यांपुढे आणि हॉटेलांच्या आवारात शोभेसाठी ही झाडे जाऊ लागली.

दुसरे संकट ओसाडीचे. तरुण माणसे शहरात गेली, म्हातारी थकली आणि बागांकडे पाहायला कोणी उरले नाही. 'राहू द्या तशीच, आपोआप रान होईल,' असे वाटेल. परंतु गडगे ढासळले की माती वाहून जाते. वाळके गवत आणि झुडपे माजली की उन्हाळ्यातील वणव्याला सरपण मिळते.

तिसरे संकट याच्या अगदी उलट, म्हणजे अति लागवडीचे. झाडांखालची जमीन नांगरून किंवा तणनाशक मारून वर्षभर उघडी ठेवली जाते. मग एका जोराच्या पावसात माती धुपते आणि मुळे उघडी पडतात. काही नव्या बागांत झाडे कुंपणासारखी दाट लावून यंत्राने फळ काढतात. हे काम रात्री केले, तर दाट फांद्यांत झोपलेले पक्षी यंत्रात सापडून मरतात. एकट्या अंदालुसिया प्रांतात वर्षाला सुमारे २६ लाख पक्षी असे मरत असावेत, असा अंदाज तेथील सरकारी अहवालात होता. या प्रकाराकडे लक्ष वेधले गेल्यावर २०१९ साली तेथील सरकारने रात्रीची काढणी थांबवली.

सेनिया : तीन प्रांतांची एक बैठक

स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ सेनिया नावाची छोटी नदी आहे. कॅटलोनिया, व्हॅलेन्सिया आणि अ‍ॅरागॉन हे तीन प्रांत या भागात एकमेकांना भेटतात. प्राचीन रोमन लोकांचा मोठा रस्ता येथूनच जात होता. या परिसरात अतिवृद्ध ऑलिव्हची जेवढी झाडे आहेत, तेवढी एका ठिकाणी जगात क्वचितच सापडतील. उल्डेकोना या गावाजवळच्या एका झाडाचे वय माद्रिदच्या तंत्रविद्यापीठाने मोजले. त्यानुसार ते इसवी सन ३१४ मध्ये लावले गेले. तेव्हा रोममध्ये कॉन्स्टंटाइन बादशहा राज्य करीत होता आणि आपल्याकडे गुप्त साम्राज्य उदयाला यायचे होते.

मात्र झाडांना प्रांतांच्या सीमा कळत नाहीत आणि कायदा सीमेवर येऊन थांबतो. व्हॅलेन्सिया प्रांताने २००६ साली भव्य वृक्षांच्या रक्षणाचा कायदा केला. ज्याचे वय ३५० वर्षे किंवा खोडाचा घेर सहा मीटर भरेल, त्या झाडाला आपोआप संरक्षण मिळाले. पलीकडच्या कॅटलोनियात वृद्ध ऑलिव्हसाठी स्वतंत्र कायदा यायला २०२० साल उजाडले. म्हणजे चौदा वर्षे नदीच्या एका काठावरच्या झाडाला एक नियम आणि दुसऱ्या काठावरच्या त्याच्याच जोडीदाराला दुसरा! सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला ही अडचण समजावून सांगायला नको.

या भागातील गावांनी मात्र तेवढी वर्षे वाट पाहिली नाही. व्हॅलेन्सियातील १५, कॅटलोनियातील ९ आणि अ‍ॅरागॉनमधील ३ अशा २७ गावांच्या पालिकांनी मिळून एक संघ केला. त्याचे नाव 'ताउला देल सेनिया'. ताउला म्हणजे टेबल, बसून बोलायची जागा. आपण याला 'सेनियाची बैठक' म्हणू. शेतकरी, तेलघाण्यांचे मालक आणि खानावळवालेही या कामात सामील झाले.

त्यांनी पहिले काम केले ते मोजणीचे. जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर ज्या खोडाचा घेर साडेतीन मीटरहून अधिक भरेल, ते झाड 'सहस्रायुषी' म्हणून नोंदवायचे, असे त्यांनी ठरवले. गावोगाव फिरून अशी ४,००० हून अधिक झाडे नोंदवली गेली. त्यांतील बहुतेक 'फार्गा' या जुन्या जातीची आहेत. नोंद झाल्यावर कोणते झाड कुठे आहे हे सर्वांना कळले. त्यामुळे एखादे झाड गुपचूप नाहीसे होणे अवघड झाले.

दुसरे काम किमतीचे. या झाडांची फळे वेगळी काढायची, वेगळी गाळायची आणि ते तेल वेगळ्या नावाने, चांगल्या भावाने विकायचे. गावच्या खानावळी या तेलाचे पदार्थ करू लागल्या. उल्डेकोना आणि ला जाना येथे जुन्या बागांचीच उघडी संग्रहालये झाली आणि पाहुणे येऊ लागले. उभे झाड मालकाला दरवर्षी काही देऊ लागले, म्हणजे ते विकण्याचा मोह आपोआप कमी होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१८ साली या परिसराचा समावेश जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात केला. या झाडांच्या विक्रीची व्यथा 'एल ओलिवो' या २०१६ सालच्या स्पॅनिश चित्रपटातही आली आहे.

ओलिएते : दूरच्या माणसांचा हातभार

अ‍ॅरागॉन प्रांतातील तेरुएल जिल्ह्यात ओलिएते नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे अडीच हजारांच्या घरात माणसे होती. पुढे ती चारशेच्याही खाली आली. गावाभोवती ऑलिव्हची सुमारे एक लाख झाडे पडीक झाली.

२०१४ साली येथे 'आपाद्रिना उन ओलिवो' हे काम सुरू झाले. या शब्दांचा अर्थ 'एक ऑलिव्ह दत्तक घ्या'. जगातील कोणीही वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची. सुरुवातीला ती ५० युरो होती. त्या पैशातून एका पडीक झाडाची छाटणी आणि निगा होते. दत्तक घेणारा झाडाला नाव देतो, त्याचे फोटो त्याला मिळतात आणि वर्षाला दोन लिटर तेल घरी येते. अनेक पालक आपले झाड पाहायला मुलाबाळांसह गावात येतात.

या कामामुळे हजारो झाडे पुन्हा फळू लागली, गावात तेलघाणा उभा राहिला आणि माणसांना गावातच काम मिळाले. आम्हाला यात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मुले नाहीत म्हणून गावची शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. कामासाठी नवी कुटुंबे आली, त्यांची मुले वर्गात बसली आणि शाळा टिकली. झाड, तेल, रोजगार आणि शाळा अशी ही साखळी आहे. हे आपल्या शाळेच्या अंकात लिहिताना आम्हाला विशेष बरे वाटते.

हाएन : मोजल्यावर पटले

स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसियात हाएन हा जिल्हा आहे. येथे ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. टेकडीवर उभे राहिले तर नजर पोहोचेल तिथपर्यंत एकच झाड रांगेने दिसते. तेथील लोक याला 'ऑलिव्हचा समुद्र' म्हणतात. येथे झाडांना तोटा नाही. उणीव आहे ती बाकीच्या सजीवांची.

२०१५ साली स्पेनच्या पक्षिमित्रांची 'सेओ बर्डलाइफ' ही संस्था, हाएन विद्यापीठ, देशाची विज्ञान संशोधन परिषद आणि हाएन जिल्ह्याचे प्रशासन यांनी शेतकऱ्यांच्या सहकार्याने एक प्रयोग सुरू केला. त्याला युरोपीय संघाचे अर्थसाहाय्य होते. नाव 'ओलिवारेस विवोस', म्हणजे 'जिवंत ऑलिव्ह-बागा'. अंदालुसियातील वीस बागांत सुधारणा करायच्या आणि तुलनेसाठी आणखी वीस बागा जशाच्या तशा ठेवायच्या, अशी योजना होती. विज्ञानाच्या तासाला आपण असाच तुलनेचा प्रयोग शिकतो.

आधी या चाळीस बागांतील सजीवांची मोजणी झाली. पक्ष्यांच्या १६५ जाती, मधमाश्या व त्यांच्या नातलगांच्या ११९, मुंग्यांच्या ५८ आणि रानगवत व फुलझाडांच्या पाचशेहून अधिक जाती मिळाल्या. कोर्दोबाच्या जुन्या अरबी नावावरून जिचे नाव ठेवले, ती एक लहान फुलवनस्पती विज्ञानाला अगदी नवी होती. २०१८ साली ती जगापुढे आली. तिचे घर कोणते? ऑलिव्हच्या बागाच! तेव्हा शेत हे फक्त पिकाचे ठिकाण आहे, ही समजूत दुरुस्त करावी लागली.

सुधारणा साध्या होत्या. झाडांच्या ओळींमध्ये गवत राहू द्यायचे आणि ते योग्य वेळी कापायचे. बांधांवर आणि ओहळांच्या काठी स्थानिक झुडपे लावायची. लहान तळी करायची, दगडांचे ढीग ठेवायचे, पक्ष्यांसाठी घरट्यांच्या पेट्या टांगायच्या. गवताची मुळे माती धरतात आणि पाणी मुरवतात. झुडपे राखणदार कीटकांना आसरा देतात. उत्पन्न देणारी झाडे जागच्या जागी राहतात आणि मोकळ्या कोपऱ्यांचा उपयोग होतो.

यातून एक प्रमाणचिन्हही तयार झाले. बागेत सजीवांची संख्या खरोखर वाढल्याचे मोजणीत दिसले, तरच त्या तेलाच्या बाटलीवर हे चिन्ह लावता येते. शेतकऱ्याने काय फवारले नाही एवढ्यावर हे ठरत नाही. बागेत काय जगते आहे, त्यावर ठरते. २०२१ पासून हे काम पोर्तुगाल, इटली आणि ग्रीस या देशांतही नेण्यात आले. तसेच २०२३ पासून युरोपीय संघाच्या शेती अनुदानात, झाडांमध्ये गवताचे आच्छादन राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी वेगळी रक्कम आहे.

सगळीकडे एकच उपाय चालतो का?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'मग झाडांखाली गवत ठेवा, झाले काम!' पण थांबा. इटलीच्या दक्षिणेला पुलिया प्रांत आहे. तेथे २०१३ साली ऑलिव्हवर एक जिवाणूजन्य रोग आढळला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो आणि झाड उभ्याउभ्या वाळते. लाखो झाडे अशी गेली. हा रोग एक लहान उडी मारणारा कीटक पसरवतो. त्याची पिल्ले वसंतात गवतावर थुंकीसारखा फेस करून त्यात राहतात. म्हणून पुलियातील शेतकऱ्यांना वसंतात झाडांखालचे गवत काढावेच लागते.

हाएनमध्ये जे गवत मित्र ठरते, त्याच्याच आड पुलियात शत्रू लपतो. यावरून काय शिकायचे? दुसऱ्या गावचा उपाय जशाच्या तसा उचलता येत नाही. आपली जमीन, आपला पाऊस आणि आपले रोग पाहून निर्णय घ्यावा लागतो. शिवाय कीटक बांध ओलांडतो. त्यामुळे एका शेतकऱ्याने नियम पाळला आणि शेजाऱ्याने पाळला नाही, तर दोघांचेही नुकसान होते. गाव एकत्र बसण्याची गरज इथे सर्वांत जास्त भासते.

आपण काय शिकलो?

तिन्ही ठिकाणच्या लोकांनी झाडाच्या मालकाला 'तू निसर्ग वाचव' असा नुसता उपदेश केला नाही. सेनियात शेजारी गावांनी वाटा उचलला, ओलिएतेत दूरच्या माणसांनी आणि हाएनमध्ये शास्त्रज्ञ, प्रशासन व जाणकार ग्राहकांनी. कायदा झाडाला तोडीपासून वाचवू शकतो, पण छाटणी करायला, गडगा सावरायला, फळ वेचायला माणूस लागतो. तो माणूस गावात टिकायचा तर त्याची चूल पेटली पाहिजे. पिंगळ्याची ढोली आणि शेतकऱ्याची चूल या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत, हे आम्हाला या अभ्यासातून समजले. तुम्हालाही ते पटावे अशी आमची इच्छा आहे.

करून पाहा

१. आपल्या गावातील किंवा गल्लीतील सर्वांत जुने आंब्याचे, चिंचेचे किंवा जांभळाचे झाड शोधा. मालकाची परवानगी घेऊन जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर दोरी गुंडाळा आणि खोडाचा घेर मोजा. सेनियातील साडेतीन मीटरच्या कसोटीला ते उतरते का?

२. त्या झाडाखाली सकाळी अर्धा तास शांत बसा. दिसलेले पक्षी, किडे आणि मुंग्या यांची यादी करा. नावे माहीत नसतील तर चित्रे काढा.

३. शेताचा बांध पाहायला मिळाला तर त्यावर आपोआप उगवलेल्या पाच वनस्पतींची नावे घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा. त्यांचा कोणाला काय उपयोग होतो तेही विचारा.

४. झाडाच्या मालकाला विचारा : हे झाड आजवर का तोडले नाही? पुढे तोडावे लागले तर कशामुळे लागेल?

५. चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात वाचून दाखवा. ते झाड राहावे असे वर्गाला वाटत असेल, तर त्यासाठी मालकाखेरीज आणखी कोण कोण काय करू शकेल, यावर चर्चा करून दहा ओळी लिहा.